मदरबोर्ड बदलल्यावर लॅपटॉप रीसेट करावा का?

वाचकाचे पत्र

«मी इंदूरमध्ये सुदामानगरला राहते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या मंडळाची वार्षिक स्मरणिका मीच लॅपटॉपवर जुळवते. जुन्या अंकांचा मजकूर श्री-लिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि पाने पेजमेकर या पाने जुळवण्याच्या प्रोग्राममध्ये आहेत. मागच्या महिन्यात कळफलकावर चहा सांडला आणि लॅपटॉप सुरूच होईना. आर. एन. टी. मार्गावरील एका दुकानात दिला. त्यांनी मदरबोर्ड बदलला. डिस्क जुनीच आहे, असे सांगितले. घरी आणून सुरू केला, तर निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची ‘रिकव्हरी की’ मागतो. दुकानदार म्हणतो, ‘मॅडम, फॉर्मेट मार देते हैं, नया जैसा हो जाएगा.’ बंगळुरूला असलेला मुलगा फोनवर सांगतो, फॅक्टरी रीसेट कर. लॅपटॉप त्यानेच तीन वर्षांपूर्वी घेऊन दिला होता आणि पहिल्यांदा सुरूही त्यानेच करून दिला होता. दुरुस्तीला देताना मी माझा रोजचा पिन दुकानात कागदावर लिहून दिला, त्याची आता रुखरुख लागली आहे. रीसेट करावे का? केल्यास फायली राहतील का? विंडोज पुन्हा विकत घ्यावे लागेल का?»

उत्तर

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते घाईचे आहे: आज रीसेट करू नका, आणि दुकानदारालाही फॉरमॅट करू देऊ नका. त्याला आजच फोन करून एवढेच सांगा की काढलेला जुना मदरबोर्ड टाकून देऊ नये, भंगारात विकू नये आणि आपल्याला परत द्यावा. या बोर्डाचा उपयोग पुढे सांगतो. बहुधा त्याची गरज पडणार नाही. पण पडलीच, तर त्याच्या जागी दुसरे काही चालणार नाही.

तो निळा पडदा म्हणजे बिघाड नव्हे. विंडोज ११ असलेल्या बहुतेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने पहिल्यांदा प्रवेश केला की डिस्कवरील सर्व मजकूर आपोआप कुलूपबंद होतो. या सोयीला ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात आणि तिच्यामागे बिटलॉकर ही यंत्रणा असते. कुलूप डिस्कवर असते. पण रोज ते न विचारता उघडून देणारी किल्ली मदरबोर्डावरील टीपीएम नावाच्या सुरक्षा-भागात असते. वाड्याचा जुना पहारेकरी घरच्या माणसांना ओळखून दार उघडत असे. आता नवा पहारेकरी आला आहे, तो कोणालाच ओळखत नाही आणि म्हणून ओळखपत्र मागतो आहे. बोर्ड बदलल्यावर असेच व्हायला हवे होते. खरे तर बोर्ड बदलण्यापूर्वी, ही की आपल्याकडे आहे का, हे दुकानदाराने विचारायला हवे होते.

आता या अवस्थेत रीसेट केल्यास काय होईल, ते पाहा. ‘रीसेट धिस पीसी’मध्ये दोन वाटा असतात. ‘कीप माय फाइल्स’ या वाटेने विंडोज नवे होते आणि आपल्या फायली राहतात. परंतु कुलूप न उघडता त्या फायलींपर्यंत पोहोचणे विंडोजलाही शक्य नसते, म्हणून ही वाट की दिल्याखेरीज मोकळी होत नाही. की न देता उरते ती ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ ही वाट, आणि तिने स्मरणिकेचे सगळे अंक जातील. एरवी चुकून फॉरमॅट झालेल्या डिस्कवरून फायली परत मिळवून देणारी माणसे शहरात सापडतात. कुलूपबंद डिस्क पुसल्यावर मात्र त्यांनाही काही करता येत नाही. आपल्या चिरंजीवांचा सल्ला एरवी चुकीचा नाही, परंतु हा निळा पडदा त्यांनी पाहिलेला नसावा. दुकानदाराच्या बोलण्यातही लबाडी आहे असे मला वाटत नाही. फॉरमॅट केले की यंत्र सुरू होते आणि त्याचे काम संपते. आपल्या फायलींचे मोल त्याला कसे ठाऊक असणार?

की कोठे आहे, याचे उत्तर आपल्याच पत्रात आहे. लॅपटॉप पहिल्यांदा चिरंजीवांनी सुरू करून दिला. त्या वेळी त्यांनी स्वतःचे मायक्रोसॉफ्ट खाते वापरले असेल, तर की त्यांच्या खात्यात जमा आहे. आपल्या नावाने खाते काढून दिले असेल, तर आपल्या. घरोघरी हा घोटाळा दिसतो की आई-वडील स्वतःच्या ईमेलमध्ये की शोधत बसतात आणि ती परगावच्या मुलाच्या खात्यात निवांत पडलेली असते. ती पाहण्यासाठी हा लॅपटॉप लागत नाही. कोणत्याही मोबाइलवरून त्या खात्यात प्रवेश करून ‘डिव्हाइसेस’ या भागात लॅपटॉपच्या नावापुढे रिकव्हरी की पाहता येते. संकेतस्थळाचा पत्ताही बहुधा त्याच निळ्या पडद्यावर दिलेला असतो. एका खात्यात अनेक की असू शकतात. म्हणून पडद्यावरील ‘की आयडी’ची पहिली ८ अक्षरे खात्यातील कोणत्या कीच्या आयडीशी जुळतात, ते पाहून तीच की घ्यावी. चिरंजीव खात्यात शिरलेच आहेत, तर त्यांना वनड्राइव्हही उघडून पाहायला सांगा. तेथे मायक्रोसॉफ्ट ५ जीबी जागा मोफत देते, आणि डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स या फोल्डरांच्या प्रती बऱ्याचदा आपल्या नकळत तेथे जाऊन बसलेल्या असतात.

की फोनवर उतरवून घेताना एक पडताळा हाताशी ठेवा. तिचे ४८ आकडे ६ आकड्यांच्या ८ गटांत लिहिलेले असतात आणि प्रत्येक गटाच्या संख्येला ११ ने निःशेष भाग जातो. एखाद्या गटाला भाग गेला नाही, तर तेथे ऐकण्यात किंवा लिहिण्यात चूक झाली आहे. चहा सांडलेल्या कळफलकाच्या आकड्यांच्या कळा दगा देत असतील, तर यूएसबीचा साधा बाहेरील कळफलक जोडून आकडे भरावेत. की पाठवायचीच असेल, तर ती दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. घरी बसून स्वतः भरा.

की स्वीकारली गेली की विंडोज सुरू होईल, परंतु आपला रोजचा पिन चालणार नाही. पिनही त्याच जुन्या बोर्डाशी बांधलेला होता. त्या वेळी खात्याचा पूर्ण पासवर्ड लागेल. तो आठवत नसेल, तर आधीच मोबाइलवरून बदलून घ्या आणि मग नवा पिन ठरवा.

येथेच आपल्या रुखरुखीचे उत्तरही मिळते. आपण दुकानात दिला तो पिन. खात्याचा पासवर्ड नव्हे. पिन त्या एकाच यंत्रापुरता असतो. त्याने आपले ईमेल किंवा खाते दुसऱ्या यंत्रावरून उघडत नाही. जुन्या बोर्डावर लॅपटॉप सुरूच होत नव्हता, आणि नव्या बोर्डावर डिस्क कुलूपबंदच राहिली, हे तर आपण स्वतः निळ्या पडद्यावर पाहिले आहे. म्हणजे ज्या पडद्याने आपण घाबरलात, तोच आपल्या फायली कोणी उघडल्या नसल्याचा बऱ्यापैकी भक्कम पुरावा आहे. जुना बोर्ड मध्येच काही वेळ सुरू झाला होता का, एवढे दुकानदाराला विचारून घ्या. झाला असेल किंवा पिनसोबत पासवर्डही लिहून दिला असेल, तर खात्याचा पासवर्ड बदला आणि ब्राउझरमध्ये जतन केलेले बँकेचे व ईमेलचे पासवर्डही बदला. यासाठीसुद्धा रीसेटचा उपयोग नाही. गेलेला पासवर्ड यंत्र पुसून परत येत नाही. तो बदलावाच लागतो.

विंडोज उघडल्यावर पहिले काम फायलींची प्रत काढण्याचे, आणि आपल्या बाबतीत ते थोडे विस्ताराने सांगायला हवे. पेजमेकरची फाइल पेनड्राइव्हवर घेतली म्हणजे अंक वाचला, असे होत नाही. पानात जोडलेली छायाचित्रे बऱ्याचदा वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि फायलीत त्यांचा केवळ पत्ता असतो; म्हणून प्रत्येक अंकाचे संपूर्ण फोल्डर, त्याची रचना न बदलता, उचलावे. त्याहून नाजूक गोष्ट फॉन्टची आहे. श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टांमध्ये, तसेच कृतिदेवसारख्या इतर फॉन्टांमध्ये, ‘क’ हे अक्षर संगणकाच्या लेखी ‘क’ नसतेच. तो एखाद्या रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक असतो आणि फॉन्ट त्याला ‘क’चे रूप देतो. फॉन्ट गेला की संपादकीयाच्या जागी चिन्हांची रांगोळी उरते. हे फॉन्ट विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये असतात, आणि ‘कीप माय फाइल्स’ निवडूनही रीसेट ते राखत नाही, कारण ते आपल्या फायली म्हणून मोजले जात नाहीत. मंगल, कोकिळा, अपराजिता हे युनिकोड, म्हणजे अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या आजच्या सर्वमान्य पद्धतीचे फॉन्ट विंडोजच्या ‘ऑप्शनल फीचर्स’मधून पुन्हा मिळतात, श्री-लिपीचे तसे नाही. तेव्हा ते सर्व फॉन्ट वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून ठेवा, आणि श्री-लिपीची मूळ सीडी, परवान्याचा क्रमांक व असल्यास तिचे यूएसबी-कुलूप (सॉफ्टवेअर चालण्यासाठी जोडावा लागणारा छोटा यूएसबी तुकडा) घरात कोठे आहे, ते शोधून ठेवा.

पेजमेकरचीही हीच अडचण आहे. त्याची ७.० ही आवृत्ती २००१ साली आली आणि त्यापुढे मोठी नवी आवृत्ती निघाली नाही. रीसेटची कोणतीही वाट आपण बसवलेले प्रोग्राम ठेवत नाही. ‘कीप माय फाइल्स’ची वाट डेस्कटॉपवर केवळ काढून टाकलेल्या प्रोग्रामांची यादी ठेवून जाते. आपल्याकडे पेजमेकरची चालणारी सीडी नसेल, तर रीसेटनंतर आपल्या फायली असतील आणि त्या उघडायला काही नसेल. माझ्या मते आपल्या लॅपटॉपला रीसेट न करण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. विंडोज उघडल्यावर पेजमेकर चालतो आहे तोवर प्रत्येक अंकाची फॉन्टसह पीडीएफ करून ठेवा. ती कोठेही उघडते, छापखान्यालाही चालते, आणि पुढेमागे मजकूर युनिकोडमध्ये आणायचा झाला, तर मूळ पान कसे दिसत होते हे तिच्यावरूनच पडताळता येते. हे सर्व एका बाहेरील हार्ड डिस्कवर ठेवावे आणि दुसरी प्रत मंडळाच्या दुसऱ्या कोणा पदाधिकाऱ्याच्या घरी असावी.

प्रती निघाल्यावर कुलूप नव्या बोर्डाशी जुळवून घ्यावे लागते. नाही तर प्रत्येक वेळी सुरू करताना की मागितली जाण्याचा संभव असतो. ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बंद करावे, डिस्क पूर्ण उघडेपर्यंत चार्जर लावून थांबावे आणि मग ते पुन्हा सुरू करावे. त्यामुळे नवी रिकव्हरी की तयार होते. ती कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा. काही जण हे कुलूप कायमचे बंद ठेवण्याचा सल्ला देतात. मला तो पटत नाही, कारण लॅपटॉप प्रवासात हरवला किंवा पुन्हा दुरुस्तीला गेला, तर आता ज्याने आपल्या फायली राखल्या तेच संरक्षण तेव्हा नसेल.

विंडोजच्या परवान्याविषयी. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजचा परवाना बोर्डाशी निगडित असतो आणि त्याची उत्पादन-की बहुधा बोर्डाच्या चिपमध्येच लिहिलेली असते. कंपनीच्या अधिकृत केंद्रात बोर्ड बदलल्यास ही नोंद नव्या बोर्डावर केली जाण्याची शक्यता अधिक असते. बाजारातील बोर्डाबाबत तशी खात्री देता येत नाही. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टम’, ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ असे उघडा. तेथे विंडोज डिजिटल लायसन्सने सक्रिय असल्याचे लिहिले असेल, तर काहीच करायचे नाही. सक्रिय नसेल, तर तेथील ‘ट्रबलशूट’ दाबून, या यंत्राचे हार्डवेअर नुकतेच बदलले आहे, हा पर्याय निवडावा आणि ज्या खात्याने लॅपटॉप पूर्वी वापरात होता त्याच खात्याने प्रवेश करावा. परवाना खात्याशी जोडलेला असेल, तर तो येथे परत मिळू शकतो. तेवढ्याने झाले नाही, तर खरेदीची पावती आणि बोर्ड बदलल्याची पावती घेऊन लॅपटॉपच्या कंपनीच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या मदत-केंद्राशी बोलावे. नवे विंडोज विकत घेणे हा शेवटचा उपाय आहे. तोवर काम अडत नाही. कोपऱ्यात सूचना दिसते आणि पडद्याची सजावट बदलता येत नाही, एवढेच. थोड्या पैशांत विंडोज ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करून देण्याची तयारी दुकानदार दाखवील, तिला मात्र नम्रपणे नकार द्यावा. अशा वेळी जो प्रोग्राम चालवला जातो तो कोणाचा आहे आणि आणखी काय करतो, हे चालवणाऱ्यालाही माहीत नसते.

दुरुस्तीची हमी चालू असेपर्यंत यंत्र नीट वापरून पाहा. घड्याळ आणि तारीख आधी तपासा. बोर्ड बदलल्यावर ती चुकलेली असू शकतात आणि तारीख चुकली की बँकेची संकेतस्थळे सुरक्षिततेची तक्रार करू लागतात. रॅम आणि डिस्क पूर्वीइतकीच आहे ना, हे ‘टास्क मॅनेजर’मध्ये दिसते. सगळे यूएसबी, कॅमेरा, ध्वनी, चार्जिंग आणि वायफाय पाहून घ्या. वायफाय क्षीण वाटले, तर अँटेनाची बारीक तार नीट बसली नसण्याचा संभव आहे. यंत्र अडखळत असेल किंवा मध्येच बंद पडत असेल, तर ‘रीसेट करून पाहा’ असे कोणी सांगितले तरी करू नका. हार्डवेअरचा दोष रीसेटने जात नाही, आणि रीसेट अर्ध्यावर असताना यंत्र बंद पडले तर विंडोज सुरूच न होण्याची वेळ येते.

रीसेट योग्य ठरेल असे प्रसंगही आहेत. ‘अ‍ॅक्टिव्हेशन’च्या पानावर विंडोज आपल्या संस्थेच्या सेवेद्वारे सक्रिय असल्याचे लिहिलेले दिसले आणि आपली तर कोणतीही संस्था नाही, किंवा आपण न बसवलेला दूरनियंत्रणाचा प्रोग्राम आढळला, किंवा लॅपटॉप कोणाला द्यायचा आहे, तर रीसेट अवश्य करावे. तेव्हा ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आणि त्यापुढे ‘क्लाउड डाउनलोड’ निवडावे, म्हणजे विंडोजची ताजी प्रत मायक्रोसॉफ्टकडून येते. त्यासाठी सुमारे ४ जीबी डेटा लागतो, म्हणून मोबाइलच्या डेटाऐवजी घरचे ब्रॉडबँड वापरणे बरे. डिस्क खोलवर पुसणारा ‘क्लीन डेटा’ हा पर्याय लॅपटॉप दुसऱ्याला देतानाच निवडावा. स्वतःकडे ठेवायचा असेल, तर त्यात वेळच जातो. चार्जर लावलेला असावा, बॅटरी भरलेली असावी, आणि एखाद्या टक्केवारीवर आकडा बराच वेळ थांबला तरी बटण दाबू नये. वादळी पावसात वीज जाण्याचा भरवसा नसतो, तेव्हा हे काम निरभ्र दिवशी सकाळी करावे.

राहिला जुन्या बोर्डाचा प्रश्न. चिरंजीवांच्या, आपल्या आणि घरातील प्रत्येकाच्या खात्यात शोधूनही की मिळाली नाही, तर त्या बोर्डातील टीपीएम हीच उरलेली वाट आहे. चिप-पातळीवर बोर्ड दुरुस्त करणारा कारागीर तो काही वेळापुरता जरी सुरू करू शकला, तरी तीच डिस्क त्यावर लावल्यास ती न विचारता उघडण्याची शक्यता असते, आणि तेवढ्या वेळात फायली उतरवून घेता येतात. बोर्डाचे बायोस (यंत्र सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) बदलू नये आणि टीपीएम पुसू नये, हे कारागिराला आधीच लिहून द्या. तेही साधले नाही, तरीसुद्धा ही डिस्क पुसू नका. आपल्या लॅपटॉपची डिस्क बोर्डाला जोडकाम केलेली नाही, हे ती बोर्ड बदलूनही जुनीच राहिली यावरून कळते. म्हणजे ती काढता येते. नवी एसएसडी (डिस्कचा नवा प्रकार) घालून तिच्यावर विंडोज बसवून घ्या आणि जुनी डिस्क पाकिटात घालून, त्यावर निळ्या पडद्यावरील की आयडी व तारीख लिहून, कपाटात ठेवा. मुलाचे एखादे विसरलेले खाते वर्षभराने आठवले, तरी त्यातील कीने ही डिस्क दुसऱ्या कोणत्याही विंडोज संगणकाला जोडून उघडता येईल.